चवीत बदल करण्यात आलेला नाही

५ जानेवारी, सोमवार

दिवसभर कंपनीच्या नावाने लिहायचं आणि स्वतःच्या नावाने एक ओळ नाही, याला माझ्यातल्या संस्कृत शिक्षकाचा आक्षेप आहे. विद्यार्थी उरले नाहीत म्हणून शाळेने त्या शिक्षकाला केव्हाच काढून टाकलं. माझ्यातून मात्र तो अजून निघालेला नाही. म्हणून ही वही. इथल्या वाक्यांना साहेबांची सही लागत नाही, एवढंच तिचं मोठेपण.

चॉकलेटच्या कारखान्यात मी तक्रारींना उत्तरं देतो. लोक लिहितात : वडी लहान झाली, महाग झाली आणि पहिल्यासारखी लागत नाही. मी लिहितो : महोदय, चवीत बदल करण्यात आलेला नाही. कर्मणी प्रयोगाचं हेच सुख. कर्ता कुठे दिसतच नाही.

ही नोकरी ताईमुळे मिळाली. ती त्याच कारखान्यात चाखणी मंडळाची प्रमुख. मेहुणे गेल्यापासून आम्ही बहीणभाऊ एकाच घरात राहतो : तिचं सामान, माझी पुस्तकं आणि तिचे नियम. आज तिला सर्दी झाली आहे. डोळे, नाक सगळं वाहतंय, तरी माझे बूट दाराबाहेर ठेवायला लावलेच.

"नाक बंद असताना तुला वास येतो कसा?" मी विचारलं.

"तुझ्या मोज्यांना नाकाची गरज नाही, पंडित."

पंडित म्हणजे मी. संस्कृत घेतलं त्या दिवशी तिने हे नाव ठेवलं. त्यात आदर किती होता ते तीच जाणे.

९ जानेवारी, शुक्रवार

एका मास्तरांनी पट्टीने मोजून जुन्या आणि नव्या वडीचं चित्र काढून पाठवलंय. चौकोनांमधली खाच रुंद केली म्हणजे वडी तेवढीच दिसते, हे त्यांनी बरोबर पकडलं. एका आजींनी लिहिलंय, नातवाने चॉकलेट थुंकलं आणि विचारलं, "आजी, हे मेण आहे का?" दोघांनाही एकच उत्तर गेलं. त्यात माझं एक वाक्य साहेबांना फार आवडतं : 'बालपणीची चव आठवणीत अधिकाधिक मधुर होत जाते.' म्हणजे दोष तुमच्या आठवणीचा. सभ्य भाषेत माणसाला खोटं पाडायचं असेल तर माझ्याकडे यावं.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. कोको परवडत नाही. कोको बटर आणखी कमी करायचं, त्याच्या जागी दुसरं तेल. फेब्रुवारीत चाचणी. भावही वाढणार. वेष्टनावर लिहायचं : 'आता अधिक मुलायम'.

परत येताना ताई बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "ही नवी कृती मी अडवणार."

चाचणी अशी असते. प्रत्येक चाखणारा वेगळ्या कप्प्यात बसतो. दिवा तांबडा, म्हणजे रंगावरून ओळखता येऊ नये. समोर तीन बश्या. दोनांत सध्याचं चॉकलेट, एकात नवं. वेगळी बशी कोणती ते सांगायचं. पुरेशा लोकांनी ती बरोबर ओळखली तर नवी कृती रद्द. ओळखली नाही तर 'फरक आढळला नाही' असा शिक्का आणि माल बाजारात.

यात एक मेख आहे, ती ताईने मला पहिल्याच वर्षी सांगितली होती. नव्याची तुलना नेहमी फक्त सध्याच्या चॉकलेटशी होते. मूळ चॉकलेट कुणी ठेवलेलंच नाही. ठेवून टिकलंही नसतं. दर वेळी एक पायरी खाली, आणि दर वेळी चाचणी प्रामाणिकपणे म्हणते, एका पायरीने काय होतंय. वरची पायरी आता फक्त ताईच्या जिभेवर आहे. मंडळातल्या बाकीच्यांना तिने शिकवलं खरं, पण ते सगळे खालच्या पायऱ्यांवर जन्मलेले.

मलाही एकदा शिकवायला बसली होती. "तुकडा जिभेवर ठेव. चावायचं नाही. आपण त्याची वाट बघायची. आधी थोडं कडू येईल, मग मागून भाजलेल्या बदामासारखं काहीतरी, आणि गेल्यावर तोंड रिकामं वाटायला नको." मी चावलं. "चावायचं असेल तर गाजर खा," म्हणाली आणि डबा बंद केला. माझं शिक्षण तिथे संपलं.

१८ जानेवारी, रविवार

ताईची सर्दी गेली एकदाची.

आज एक गंमत. मी आत वाचत बसलो होतो. दार ठोठावलं म्हणून उघडलं, तर वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई. "अहो, तुमच्याकडे काय जळतंय?" स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन आटून पातेल्याचा कोळसा झालेला, खोलीभर धूर, आणि ताई शेगडीपासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसलेली.

"एवढं काय आहे त्या पेपरात?" मी विचारलं.

"मेलेल्यांचे फोटो," ती म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं. फार वेळ घासत होती. पातेलं फेकायच्याच लायकीचं होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

इतिहासात नोंद व्हावी : आज मी बूट घालून थेट आतल्या खोलीपर्यंत आलो आणि ताई काही बोलली नाही. काल सहज विसरलो होतो. आज प्रयोग म्हणून विसरलो. काही नाही. एवढ्या वर्षांचं युद्ध शत्रूने न सांगता सोडून दिलं. वय माणसाला मऊ करतं म्हणतात ते खरं असावं.

चहातही उदारपणा आलाय. आज दूध नासलेलं होतं, मी एक घोट घेऊन कप ठेवला. ती शांतपणे पीत राहिली. "ताई, नासलंय." तिने कपात पाहिलं, मग माझ्याकडे. "हो का? मला चालतं." पूर्वी हिने याच दुधासाठी दूधवाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज जेवताना ताईने अर्धी पोळी ताटात ठेवली आणि म्हणाली, "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं."

"काय सगळं?"

"सगळं. पोळी, चहा, फळं. आपलं चॉकलेट तर विचारू नकोस. पुठ्ठ्यावर मेण लावल्यासारखं."

मला तर आनंदाने ताटावरून उठावंसं वाटलं. मेण! आजींच्या नातवाचा शब्द! मी तिला गेल्या महिन्यातल्या तक्रारी तोंडपाठ सांगितल्या : मेण, साबण, मेणबत्ती, पुठ्ठा, एकाने तर 'बूट पॉलिश, पण साखर घातलेलं'. "बघ, जनता आणि तू एकाच जिभेने बोलताय. आणि हे तर सध्याचं. नवं आणखी वाईट असणार. साहेबाची या वेळी धडगत नाही." गव्हापासून फळांपर्यंत सगळ्यांनीच हात आखडता घेतलाय, असं एक छोटं प्रवचनही दिलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुला खरंच वाटतं, सगळ्यांनीच?"

"अर्थात."

"हं," ती म्हणाली. "मलाही तेच वाटावंसं वाटतंय."

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मी एक लढाई जिंकली, म्हणून सविस्तर.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. एकदम म्हणाली, "या चाचणीला मी बसत नाही. माझ्या जागी पॅकिंगमधल्या वहिनींना बसवते. राखीव आहेतच त्या. जीभ चांगली तयार झालीय त्यांची."

"तू घाबरलीस."

"कुणाला?"

"साहेबाला."

"त्याला? तो नोकरीला लागला तेव्हा टायची गाठ मी शिकवलीय त्याला."

"मग काय झालं?"

तिने एका टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "थकलेय रे."

इथे माझ्यातला शिक्षक उभा राहिला. मी म्हटलं, थकवा सगळ्यांनाच येतो, पण सेनापतीने ऐन रणात रजेचा अर्ज द्यायचा नसतो. इतकी वर्षं तू मला सांगत आलीस, पायरीपायरीने घसरतोय म्हणून. वरची पायरी आठवणारी तू एकटी. आणि आता तूच वहिनींना पुढे करणार? वहिनींनी मूळ चॉकलेट पाहिलंय तरी का? उद्या माझ्याकडे पत्र आलं, 'तुमच्याकडे चव कळणारं कुणी आहे का?', तर मी काय उत्तर द्यायचं? शिवाय मी हेही म्हटलं (हे वाक्य मला विशेष साधलं), की जीभ देवाने तुला दिली, ती घरी ठेवायला नव्हे.

तिने टॉवेल बाजूला ठेवला. मग हसली. "चांगलं बोलतोस तू. कंपनीने उगाच नाही ठेवलेलं तुला."

"म्हणजे बसतेस?"

"बसते."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणी झाली. मी एक फाइल हातात घेऊन उगाचच त्या दालनाबाहेर घुटमळत होतो. मंडळातले बाकीचे एकेक करून बाहेर आले. वहिनी बाकावर बसून होत्या. कुणी ऐन वेळी आजारी पडलं तर म्हणून. कुणी पडलं नाही.

ताई शेवटी आली.

"कळली?" मी हळूच विचारलं.

"सांगायचं नसतं." ती नळाखाली हात धुवायला गेली. चॉकलेट खाल्ल्यावर इतके हात कशाला धुवायचे, पण तिची एकेक सवय. चेहऱ्यावर विजय वगैरे दिसला नाही. ताई दाखवणाऱ्यांतली नाही.

मी बाहेर पडून तिच्यासाठी फुलं घेतली. त्यांचा वास सगळ्या जिन्यात दरवळला. तिने ती पाण्यात ठेवली आणि म्हणाली, "रंग छान आहे."

२३ फेब्रुवारी, सोमवार

फरक आढळला नाही.

प्रयोगशाळेच्या बाई मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या. कागद हातात तसाच होता. म्हणाल्या, "एका उत्तराने राहिलं हो. आणखी एक जरी बरोबर आलं असतं तर कृती रद्द होती." मग आवाज खाली करून : "ताईंचं चुकलं. सगळ्यांत जुनी जीभ, आणि तिचंच चुकलं. मी दोनदा तपासलं. वहिनींनी नंतर उरलेल्या तुकड्यांतून हौस म्हणून चाखून पाहिलं. त्यांनी लगेच ओळखलं."

मी जागेवर येऊन बसलो. समोर पत्र होतं, कुणीतरी विचारलं होतं की वडी एवढी महाग का. मी उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते आठवत नाही. पण साहेबांनी सही केली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस आम्ही हवापाण्यावर बोललो. आज मला राहवलं नाही.

"ताई, झालं काय?"

ती खिडकीशी उभी होती. वळली नाही. "मला वास येत नाही. सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. कशाचाच नाही. वास गेला की चव जाते. गोड, खारट एवढं कळतं, बाकी पुठ्ठा."

मी खुर्ची ओढून बसलो.

"वाटलं, येईल परत. मग वाटलं, चॉकलेट विरघळतं कसं ते तर जिभेला कळतंच, त्याच्यावर निभावून नेईन. पण प्रयोगशाळेने तुकडे इतके निगुतीने केले होते, तिन्ही सारखेच विरघळले. मग मी मधला आकडा लिहिला."

"मधला का?"

"काहीतरी लिहायला हवं होतं."

"अगं, पण मला सांगायचंस ना!"

आता ती वळली. चिडलेली नव्हती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "बसत नाही म्हटलं होतं मी," म्हणाली.

या वहीची मागची पानं चाळली. दूध, बूट, नासका चहा, पुठ्ठा. सगळं लिहून ठेवलंय मी. सुवाच्य अक्षरात, विनोद करून.

२ मार्च, सोमवार

साहेबांकडे गेलो. म्हटलं, चाचणी पुन्हा घ्या. ताईंना बरं नव्हतं, त्यांच्या जागी वहिनींना बसवा. कारणही सांगितलं. ताईला न विचारता सांगितलं.

साहेबांनी मला बसायला सांगितलं. माणूस वाईट नाही. टायची गाठ अजून ताईने शिकवली तशीच बांधतात.

"पंडितजी, मागच्या अंगणात गेलायत का हल्ली?"

"नाही."

"जाऊन या. तेल जानेवारीतच आलंय. टाक्या भरल्यात. वेष्टनं छापून झालीत."

"मग चाचणी कशासाठी घेतलीत?"

"नेहमी घेतो म्हणून," ते म्हणाले. "आणि बरोबर आलं असतं सगळ्यांचं, तर थोडा बदल करून पुढच्या महिन्यात पुन्हा घेतली असती. कुणीतरी चुकेपर्यंत." मग जरा वेळाने, "ताईंना सांगू नका हे. त्यांना वाटायचं, त्या अडवू शकतात."

मागच्या अंगणात गेलो. टाक्या होत्या. नव्या कोऱ्या, चकचकीत.

हे ताईला सांगितलं तर तिच्या मनावरचं त्या एका उत्तराचं ओझं उतरेल. पण मग एवढी वर्षं ती त्या तांबड्या दिव्याखाली कशासाठी बसली, हा प्रश्न उरेल. दोन्हींपैकी तिला कमी जड काय होईल, ते मला ठरवता आलं नाही. सांगितलं नाही.

५ मार्च, गुरुवार

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं. आत सगळं ठीक आहे म्हणाले. वासाची नस सर्दीने मारली. कधीकधी परत येते.

"माझी येईल?" ताईने विचारलं.

"प्रयत्न करायला हरकत नाही," ते म्हणाले. मी रोज अशीच वाक्यं लिहितो, त्यामुळे मला अर्थ लगेच कळला. ताईलाही कळला; ती माझ्याबरोबर राहते.

व्यायाम दिलाय. चार बाटल्या : लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि आठवायचं.

१५ मार्च, रविवार

व्यायाम चालू. मी चिठ्ठ्या झाकून बाटल्या पुढे करतो.

"ही?"

"पाणी."

"ही?"

"पाणी."

"ही?"

"हे बघ, तू नापास होणाऱ्या मुलांनाही असंच छळायचास का?"

"नापास व्हायला मुलं होती कुठे माझ्याकडे?" मी म्हटलं. दोघंही हसलो. निलगिरीच्या बाटलीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ती अगदी नाकाला लावली होती.

२७ मार्च, शुक्रवार

ताईचा निरोपसमारंभ. वहिनींना रडू आवरेना. साहेब चांगलं बोलले. भाषण मीच लिहून दिलं होतं. त्यातल्या 'ज्यांच्या जिभेने या कंपनीची चव राखली' या वाक्याला टाळ्या पडल्या. ताई माझ्याकडे बघत होती.

भेट म्हणून मोठा डबा दिला. नव्या कृतीचा, बाजारात येण्याआधीचा पहिला माल. बसमध्ये तिने तो मांडीवर धरला होता. घरी आल्यावर कपाटात सगळ्यांत वर ठेवून दिला.

१४ एप्रिल, मंगळवार

'आता अधिक मुलायम' दुकानांत आलं. भाव वाढला, चौकोनांची एक ओळ गेली. पहिल्या दिवसाची पत्रं अजून यायची आहेत, पण साहेबांनी उत्तराचा मसुदा आधीच मागितला. लिहून दिला :

'महोदय/महोदया, आमच्या अनुभवी चाखणी मंडळाने कठोर चाचणी घेतली असून तीत कोणताही फरक आढळलेला नाही. चवीत बदल करण्यात आलेला नाही.'

कारकिर्दीत पहिल्यांदाच यातला शब्दन् शब्द कागदोपत्री खरा आहे.

बाटल्या कालपासून बंद. ताईने त्या धुऊन उपड्या घातल्या आहेत. लिंबाच्या बाटलीत ती आता शिवणाच्या सुया ठेवणार म्हणते.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी ताईने स्टूल घेऊन डबा खाली काढला. माझ्यापुढे ठेवला. "एक खा. आणि सांग."

"काय सांगू?"

"कशी लागते ते. बाकीच्यांना कळली आणि मला नाही, ती कशी आहे ते मला कळायला नको?"

मी तुकडा जिभेवर ठेवला. चावला नाही, वाट बघितली. माझी जीभ म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. सहा रसांची नावं मला झोपेत विचारा; चव कुठल्याही एकाची सांगता येणार नाही. पण हे मलाही कळलं. काही आलंच नाही. गोड होतं, आणि गोडाच्या मागे कुणी नव्हतं. तुकडा तसाच होता, दगडासारखा, कडा मात्र बुळबुळीत झालेल्या. प्रयोगशाळेतला तुकडा लाडात वाढलेला असतो, हा कारखान्यातला.

"आधी थोडं कडू," मी म्हटलं. "मग मागून भाजलेल्या बदामासारखं. आणि... गेल्यावर तोंड रिकामं वाटत नाही."

ताई ऐकत होती. "म्हणजे फरक नाही."

"नाही."

"माझं उत्तर चुकलं त्याने काही बिघडलं नाही."

"काहीच नाही."

"पंडित, तुझ्या तोंडात तो तुकडा अजून तसाच आहे," ती म्हणाली. "गालावर दिसतोय."

मी तोंड मिटून बसलो. बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. टाक्यांचंही होतं. एकही वाक्य असं सापडेना की जे मी आधी कुणाला पत्रातून पाठवलेलं नाही.

तिने डब्यातून एक चौकोन उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले, तांबड्या दिव्याखाली मिटत असेल तसे. हात मांडीवर, पाठ ताठ. वाट बघत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. तो थांबला. गाडी निघून गेली. ताई अजून वाट बघत होती. तिचा गाल जरासाही हलला नव्हता.

मग कटकन् आवाज आला. ताईने तो तुकडा चावला होता.

गाजराचं वाक्य तिचं होतं, तिनेच म्हणायला हवं होतं. तिने म्हटलं नाही. सावकाश चावून गिळलं, डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाली, "चहा टाक. आणि शेगडीजवळ उभा राहा."